माझ्या झोपेची साक्ष

निदान 2015 च्या नोव्हेंबरात झालं. उपचार सुरू झाले 2022 च्या ऑगस्टमध्ये. मधली पावणेसात वर्षं माझी फाईल लोखंडी कपाटात, सातबाऱ्याचे उतारे आणि ठिबकच्या पावत्या यांच्याखाली दबून राहिली. ती हरवली नव्हती, आणि तिच्यात काय आहे हे मी विसरलोही नव्हतो. दरवर्षी पीककर्जाचे कागद काढताना ती हाताला लागायची आणि मी ती परत खाली सरकवायचो. अशा दबलेल्या फायली आणखीही घरांत असतील असं मला वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

मी यावलचा, केळी करणारा शेतकरी. आमच्या भागात पेंगणाऱ्या माणसाला कुणी आजारी समजत नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली की बारा-एकला उठून ट्यूबवेलवर जायचं, मोटार चालू झाली का पाहायचं, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, डीपीवर फ्यूज गेला असेल तर अंधारात वाट पाहत बसायचं. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा केळीचं पाणी चुकवून चालत नाही. अशा माणसाने दुपारी चहाचा कप हातात धरूनच मान टाकली, तर "रात्री पाण्यावर होता" एवढं कारण सगळ्यांना पुरतं. मलाही पुरत होतं. पण ज्या आठवड्यात लाईट दिवसा असायची, मी रात्री नऊला आडवा होऊन सकाळी सहाला उठायचो, त्या आठवड्यातही मान तशीच पडायची. हे मी कधी ताडून पाहिलं नाही.

घोरण्याचंही तसंच. लहानपणी उन्हाळ्यात आमची सगळी गल्ली धाब्यावर झोपायची. कोणत्या घरावरून कुणाचा घोर येतो हे आम्हा पोरांना अंधारात ओळखता यायचं. ज्याचा घोर मोठा, त्याची झोप गाढ आणि तो माणूस निर्धास्त, अशीच सगळ्यांची समजूत. माझे वडीलही जोरात घोरायचे. मधेच आवाज थांबायचा, सगळं शांत व्हायचं, आणि मग एकदम हुंदका द्यावा तसा श्वास परत यायचा. त्या शांततेत काय चाललेलं असतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. वडील एका पहाटे झोपेतच गेले. त्यांना हाच आजार होता असं मी म्हणू शकत नाही, कारण कुणी तपासलंच नव्हतं. पण ती शांतता मला आता फार आठवते.

माझं निदान अपघातानेच झालं. एका लग्नासाठी आम्ही पुण्याला गेलो होतो आणि मेहुण्याच्या घरी एकाच खोलीत झोपलो. रात्री दोनला त्याने दिवा लावून मला गदागदा हलवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझी बायको शेजारी शांतपणे बसली होती. ती म्हणाली, "घाबरू नको. असं रोज होते. श्वास थांबू राह्यला की मी हलवते, मंग सुरू होतो." मेहुण्याने दुसऱ्या दिवशी सुटी घेतली आणि मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एक कागद हातात दिला. त्यावर आठ प्रश्न होते. वाचत बसलात, टीव्ही बघत बसलात, जेवणानंतर शांत बसलात, गाडी रहदारीत काही मिनिटं थांबली, अशा वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 24. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातल्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये ही प्रश्नावली तयार केली आणि आज ती जगभर वापरतात. बेरीज 10 च्या वर गेली की दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असं मानतात. माझी बेरीज 7 आली. डॉक्टरांनी तसाच दुसरा कोरा कागद माझ्या बायकोला दिला आणि माझ्याबद्दल भरायला सांगितला. तिची बेरीज 17 आली. दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि काही बोलले नाहीत. मला तेव्हा राग आला होता. ती वाढवून सांगते, असं वाटलं होतं.

मग एक रात्र तपासणीसाठी दवाखान्यात झोपलो. डोक्याला, हनुवटीला, पायाला तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. सकाळी उठून मी म्हणालो, "आज नवी जागा म्हणून झोप नीट लागली नाही." रिपोर्टमध्ये तासाला 42 वेळा श्वास अडकल्याची नोंद होती. सगळ्यात लांब थांबा 51 सेकंदांचा. रक्तातला ऑक्सिजन 72 टक्क्यांपर्यंत उतरला होता. तासाला 5 ते 15 म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया.

त्याचं कारण मला नंतर शेतातल्या पायपावरून उमगलं. आपण झोपतो तेव्हा अंगातले स्नायू सैलावतात, तसे घशाचेही. काहींचा घसा मुळात अरुंद असतो, काहींच्या मानेत चरबी साठलेली असते, काहींचा जबडा मागे असतो. श्वास आत ओढताना ही मऊ नळी मिटते. छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो आणि दोन-चार सेकंदांपुरता माणसाला जागं करतो. घसा उघडतो, हुंदक्यासारखा श्वास येतो, माणूस परत झोपतो. त्याला यातलं काही आठवत नाही. आमच्याकडे लपेटा पाईप असतो. पाणी नसलं की तो फितीसारखा चपटा पडतो; आत दाब आला की गोल फुगून उभा राहतो. उपचार तेवढाच आहे. एक छोटं यंत्र नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब सतत देत राहतं, आणि घशाची नळी मिटत नाही. या यंत्राला सीपॅप म्हणतात. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय शोधला आणि 1981 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अनुभव मांडला. सुरुवातीच्या यंत्रात त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटार उलटी वापरली होती. त्याआधी तीव्र आजार असलेल्यांसाठी मोठा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाला वाट करून देणं.

एवढा सोपा उपाय असून मी सात वर्षं का काढली? कारणं सांगतो, कारण तीच खरी शिकवण आहे.

पहिलं कारण पैसे. यंत्र तेव्हा 50 हजारांच्या आसपास होतं. त्या वर्षी केळीला भाव नव्हता. पण त्याच्या पुढच्या वर्षी भाव चांगला मिळाला आणि मी नवी मोटारसायकल घेतली, हेही लिहिलं पाहिजे. दुसरं कारण, मी भाड्याने आणून तीन रात्री यंत्र लावून पाहिलं होतं. देणाऱ्याने मास्कचं माप घेतलं नाही, एक पेटी हातात दिली आणि गेला. रात्रभर मास्कच्या कडेने हवा डोळ्यांत जायची, नाक कोरडं पडायचं, कोंडल्यासारखं वाटायचं. चौथ्या दिवशी मी ते परत केलं आणि "मला ते सोसत नाही" असं सगळ्यांना सांगून मोकळा झालो. मास्कची मापं असतात, प्रकार असतात, दाब सुरुवातीला हळूहळू वाढवता येतो, हवेत ओलावा घालता येतो, हे मी कुणाला विचारलंच नाही. तिसरं कारण मी सांगत फिरायचो ते लाईटचं. "आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, मशीन कसं चालणार?" पण शेतीचा फीडर वेगळा आणि गावठाणाचा वेगळा. घरात रात्री पंखा चालत होताच. चौथं कारण लाज. तोंडाला नळी लावून झोपलेला माणूस म्हणजे अंथरुणाला खिळलेला माणूस, असं मला वाटायचं. मी तेव्हा 44 वर्षांचा होतो.

बायकोने तिच्या परीने उपाय केले. पाठीवर झोपलं की त्रास वाढतो असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून तिने माझ्या बनियनला पाठीमागे कप्पा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. कुशीवरून वळलो की तो टोचायचा. काही दिवस उपयोग झाला. मग मी झोपेतच बनियन काढून टाकायला लागलो.

त्या वर्षांत शरीराने काय काय सांगून पाहिलं! सकाळी उठलो की डोकं जड. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचो. साखर तपासली, ती ठीक निघाली. श्वास अडकतो तेव्हा हृदयावर ताण येतो, त्यातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडाला जास्त लघवी करायला लावतं, हे मला फार उशिरा कळलं. रक्तदाबाची एक गोळी होती, तिच्या तीन झाल्या, तरी दाब खाली येत नव्हता. तपासणाऱ्या डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. कटाईच्या दिवशी घड मोजताना आकडा चुकायचा. व्यापाऱ्याशी ठरलेला भाव संध्याकाळी आठवायचा नाही. चिडचिड एवढी वाढली की मुलगा माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला. त्याला वाटायचं, बाबांना आपलं काही पटत नाही. मला वाटायचं, पोरगं हाताबाहेर चाललं. आमच्यात भांडणाचं कारण असं काही नव्हतं. माझी झोप झालेली नसायची, एवढंच.

2019 च्या एप्रिलमध्ये जे झालं ते मी तीन वर्षं लपवलं. फैजपूरहून सालदाराला मागे बसवून मोटारसायकलवर येत होतो. दुपारचे साडेतीन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, रस्ता सरळ, वर ऊन. पुढचं आठवतं ते चाक डांबराखाली उतरल्याचा धक्का आणि चारीतली माती. मला खरचटलं. सालदाराचा हात मनगटापाशी मोडला. लोक जमले तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नीलगाय आडवी आली." सातपुड्याच्या पायथ्याला नीलगाय आडवी येणं नवं नाही, सगळ्यांनी मान डोलावली. हाताच्या प्लास्टरचा, औषधांचा खर्च मी दिला, दोन महिन्यांचा पगार दिला. पण खरं सांगितलं नाही. त्या रात्रीही फाईल कपाटातच राहिली. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती या गोष्टीची. मास्क लावण्यात कसलीच लाज नव्हती.

2022 च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले. डॉक्टरांनी त्यांच्या मृत्यूचं कारण ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असल्याचं सांगितलं, आणि तो शब्द मराठी वर्तमानपत्रांत ठळक छापून आला. सकाळी ओट्यावर मी ते वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. दुपारी पाहिलं तर तो उघडा होता, त्याच पानावर. बायकोने वाचला होता. तीही काही बोलली नाही. सहा वर्षं सांगून ती थकली होती.

वळण आलं ते जुलैत. आमच्या यावलला महर्षी व्यासांचं मंदिर आहे, गुरुपौर्णिमेला मोठी गर्दी होते. त्या दिवशी रांगेत उभी असताना बायकोला घेरी आली. तिला बसवलं, पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी भुसावळला डॉक्टरांकडे नेलं. तिचं डोकं वर्षानुवर्षं दुखत होतं, दिवसभर अंगात त्राण नसायचं, रक्तदाबही वाढलेला निघाला. डॉक्टरांनी विचारलं, "रात्री झोप किती होते?" ती म्हणाली, "होत नाही." त्यांनी विचारलं, "का?" तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "यांचा श्वास थांबला की मला जाग येते. सुरू होईस्तोवर मी मोजत राहते. तीसच्या पुढं गेलं की हलवते. दिवसा घटकाभर पडते, तव्हा हे शेतात असतात, म्हणून झोप लागते."

मी त्या खुर्चीवर बसून ते ऐकलं. माझ्या 72 टक्के ऑक्सिजनने मला जे कळलं नव्हतं, ते तिच्या त्या मोजण्याने कळलं. हा आजार असा आहे की ज्याला तो असतो, त्याने तो कधीच पाहिलेला नसतो. त्याच्या आजाराची साक्षीदार दुसरीच व्यक्ती असते. मला एक साक्षीदार मिळाली होती, वीसएक वर्षं दर रात्री हजर असलेली, आणि तिची साक्ष मी खोटी ठरवत आलो होतो. डॉक्टरांनी तिच्या चिठ्ठीवर औषध लिहिलं आणि मग मला म्हणाले, "यांचं अर्धं औषध तुमच्या नाकावर आहे."

ऑगस्टमध्ये परत तपासणी झाली. या वेळी तासाला 51. वजन 94 किलो झालं होतं. दुसऱ्या रात्री दाब किती लागतो ते ठरवलं. मास्क देणाऱ्या माणसाने चार मास्क चेहऱ्याला लावून पाहिले. मिशीखालून हवा निसटत होती, म्हणून पंचवीस वर्षांची मिशी मी बारीक केली. घरी इन्व्हर्टर होताच, त्याची बॅटरी बदलून घेतली. आमच्याकडची हवा एप्रिल-मेमध्ये एवढी कोरडी की ओलाव्याची टाकी हवीच. तिच्यात घालायला डिस्टिल्ड वॉटर मेडिकलवाल्याकडे सांगून ठेवतो. फिल्टर धुळीने लवकर काळा पडतो, तो वेळेवर बदलतो. मास्क रोज पुसतो, आठवड्याला नळीसकट धुतो. फवारणीचा पंप आपण जसा जपतो, तसाच हा जपायचा.

हे सोपं गेलं असं सांगणार नाही. पहिले बारा-पंधरा दिवस मी रात्री मास्क काढून टाकायचो. नाकावर घट्टा पडला. मग एक युक्ती सापडली. दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून नुसतं बसायचं. जागेपणी ओळख झाली की झोपेत परका वाटत नाही. अठराव्या दिवशी मी पहाटे साडेपाचला उठलो तेव्हा मास्क नाकावरच होता, आणि रात्रभरात एकदाही लघवीला उठलो नव्हतो. दुपारी बागेत बांधावर बसलो. पेंग आली नाही. निसवलेल्या घडांवरून पाखरांचा आवाज येत होता, तो मी कितीतरी वर्षांनी नीट ऐकला.

यंत्र रोजची नोंद ठेवतं. तासाला 51 वरून 3 वर आलो. वर्षभरात डॉक्टरांनी रक्तदाबाच्या तीनपैकी एक गोळी बंद केली. अंगात जोर आला म्हणून चालायला लागलो, वजन आठ किलो उतरलं. सगळं पूर्ववत झालं असं नाही. आजार बरा झालेला नाही, तो रोज रात्री थोपवून धरायचा असतो. एका रात्री मास्क लावला नाही तर दुसऱ्या दिवशी डोकं जड होतं. मुलाबरोबर गेलेली वर्षं परत येत नाहीत, पण आता तो ठिबकच्या खताचं गणित माझ्याशी बोलून ठरवतो.

यंत्र सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी मी सालदाराला बांधावर बसवलं आणि सांगितलं की त्या दिवशी नीलगाय नव्हती, मला झोप लागली होती. तो विडी विझवत म्हणाला, "मले माहीत होतं नाना. तुमची मान कलली ते म्या पाह्यलं होतं. हाक मारली, तव्हर गाडी उतरली." मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही नीलगाय म्हनले, मंग मी काय बोलू?" दुसराही साक्षीदार माझ्या पाठीमागेच बसलेला होता.

या आजाराचे आकडे मोठे आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगभरात 30 ते 69 वयाच्या सुमारे 94 कोटी लोकांना तो असल्याचा अंदाज दिला. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी 2023 मध्ये भारतासाठी काढलेला अंदाज दहा कोटींच्या वर आहे. बायकांनाही तो होतो, विशेषतः पाळी गेल्यानंतर. पण बाईच्या घोरण्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, आणि तिला साक्षीदारही क्वचितच मिळतो. प्रत्येकाला यंत्र लागतंच असं नाही. कुणाचं वजन उतरवून भागतं, कुणाला दातांत बसवायची पट्टी चालते. ते डॉक्टर ठरवतील. पण तपासणी झाल्यावर फाईल कपाटात ठेवू नका, एवढं मी हात जोडून सांगेन. पहिला मास्क बसला नाही तर दुसरा मागा.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गल्लीतले एक दादा सपत्नीक घरी आले. यंत्राची चौकशी करायची होती. म्हणाले, "तसं मला काही नाही. थोडं घोरतो, बस. ही उगाच मागं लागली." मी त्यांना थांबवलं. म्हणालो, "दादा, तुम्ही चहा घ्या. वहिनींना बोलू द्या."

वहिनी आधी संकोचल्या. मग माझ्या बायकोकडे बघत बोलायला लागल्या. श्वास कधी थांबतो, किती वेळ थांबतो, त्या कशा उठून बसतात, छातीवर हात कसा ठेवतात. "मी मनात आकडे मोजते," त्या म्हणाल्या. माझ्या बायकोने विचारलं, "किती?" त्या म्हणाल्या, "पंचवीस, कधी चाळीस." दोघी एकमेकींना विचारत राहिल्या. दादांच्या हातातला चहा निवून गेला. ते वहिनींकडे बघत होते, त्यांना पहिल्यांदाच बघावं तसे. मी 2015 मध्ये, ते दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते तेव्हा, असं बघायला हवं होतं.